केबिनमधली शांतता मोजायची कशाने: फोन, साऊंड मीटर की मापनाचा मायक्रोफोन?

दोन आलिशान गाड्यांमध्ये मन अडकलंय. दोन्ही चालवून झाल्या, दोन्ही शांत वाटल्या, आणि आता कोणती जास्त शांत ते मोजूनच ठरवायचं असं तुम्ही म्हणताय. बरोबरच आहे. आवाजाच्या बाबतीत आपली आठवण फार कच्ची असते. एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंत अर्धा तास गेला, तर दोन डेसिबलचा फरक कान खात्रीने सांगू शकत नाही.

मोजायला तीन साधनं सहज मिळतात: फोनवरचं ॲप, हातात धरायचा साऊंड मीटर आणि लॅपटॉपला जोडायचा मापनाचा मायक्रोफोन. मी तिन्ही वापरली आहेत. एक साधं, एक बरं, एक उत्तम अशी त्यांची उतरंड लावू नका. तिघांची कामंच वेगळी आहेत. कोणती गाडी शांत, हे फोन सांगतो. किती शांत, हे मीटर सांगतो. आणि जो आवाज उरलाय तो कुठून येतोय, हे मायक्रोफोन सांगतो. साध्या गाड्यांची तुलना असेल तर पहिल्या उत्तरावर भागतं. आलिशान गाडीत मात्र बाकी सगळं गप्प केलेलं असतं, त्यामुळे उरलेला एखादाच आवाज वर्षानुवर्षं कानाशी बसतो. तो ओळखल्याशिवाय गाडी निवडू नये.

फोन

फोनचा माईक आपलं बोलणं समोरच्याला स्वच्छ ऐकू जावं म्हणून बसवलेला असतो. त्यासाठी फोन आवाजावर स्वतःच काम करतो: खालच्या पट्टीतला घुमारा कापतो, मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलून धरतो. बोलायला हे छान, पण मोजताना नेमकं हेच आड येतं. चांगली ॲप ही उठाठेव जमेल तेवढी बंद करतात. आयफोनची मॉडेल मोजकी असल्याने ॲप बनवणाऱ्याला प्रत्येकासाठी दुरुस्ती बसवता येते. अँड्रॉइडमध्ये माईकच्या इतक्या तऱ्हा आहेत की तेच ॲप दोन फोनवर दोन आकडे दाखवतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१७ साली मोफत ॲप काढलं, तेही आयफोनसाठीच. प्रयोगशाळेत त्याची चूक अधिक-उणे २ डेसिबलच्या आत राहिली. फोनसाठी ही कामगिरी मोठी आहे. पण एकाच वर्गातल्या दोन आलिशान गाड्यांमधला फरकही बऱ्याचदा तेवढाच असतो.

तरी फोन मोडीत काढू नका. तोच फोन, तेच ॲप, तीच जागा ठेवली तर त्याची चूक दोन्ही गाड्यांत जवळपास सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. एका गाडीत ६३ आणि दुसरीत ६६ दिसलं, तर दोन्ही आकडे खोटे असू शकतात, मधला ३ चा फरक मात्र बराचसा खरा असतो. अडचण एकाच ठिकाणी येते. एक गाडी खालच्या पट्टीत घुमत असेल आणि दुसरी नसेल, तर फोन तो घुमारा कापून टाकतो आणि दोघींना सारखंच प्रशस्तिपत्र देतो.

फोनचं कव्हर काढून मोजा, हे आवर्जून सांगतो. एकदा एकाच गाडीचे, एकाच रस्त्यावरचे माझे दोन आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी दिसलं की कव्हरची रबरी कड सरकून माईकच्या भोकावर अर्धी आली होती. कपहोल्डरमध्ये उभा ठेवलेल्या फोनचंही तेच होतं, माईक तळाशी दाबला जातो.

हातातला साऊंड मीटर

मीटरच्या मागे आयईसी ६१६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दोन दर्जे: क्लास १ आणि क्लास २. १००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या सुराला, क्लास १ ला ०.७ डेसिबल आणि क्लास २ ला १ डेसिबल इतपत इकडेतिकडे चालतं. फरकाची खरी जागा पट्टीची दोन्ही टोकं, म्हणजे अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर. तिथे क्लास २ ला बरीच जास्त सूट आहे. गाडी विकत घेणाऱ्याला क्लास २ पुरतो. क्लास १ वर खर्च करण्यापेक्षा कॅलिब्रेटर आणा. हे छोटं डबीसारखं यंत्र मीटरच्या तोंडावर बसतं आणि १००० हर्ट्झचा, नेमका ९४ डेसिबलचा सूर देतं. मोजणी सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मीटर ९४ दाखवतो का ते पाहायचं. दोन्ही वेळा जुळलं तर मधले आकडे विश्वासाचे.

मीटर घेताना एक गोष्ट तपासा: तो ठरावीक वेळेची सरासरी देतो का? तिला लेक् (Leq) म्हणतात. नुसता क्षणाक्षणाचा आकडा दाखवणारा मीटर गाडीत फारसा कामाचा नाही. रस्त्यावरचा एक सांधा, शेजारून गेलेला एक ट्रक, आणि आकडा ५ ने उडतो. नजर त्या उड्यांमधून आपल्याला आवडलेल्या गाडीला सोयीचा आकडा उचलते. ३० सेकंदांची सरासरी असा पक्षपात करत नाही.

ए आणि सी: बहुतेक तुलना इथेच फसतात

मीटरवर ए आणि सी अशी दोन बटणं असतात. जवळपास सगळ्या चाचण्यांत छापून येणारा आकडा ए चा असतो. आपला कान खालच्या पट्टीला कमी दाद देतो, म्हणून ए मध्ये खालचे सूर मुद्दाम वजा केले जातात. किती वजा? १२५ हर्ट्झला १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६ आणि ५० हर्ट्झला ३०. सी मध्ये मात्र ५० हर्ट्झलाही वजावट सव्वा डेसिबलच्या आसपासच.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. चार सिलिंडरचं इंजिन १५०० आरपीएमवर फिरतंय. चार स्ट्रोकच्या हिशेबाने दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ५०. केबिनमध्ये ५० हर्ट्झचा हुंकार तयार होतो. समजा तो ८५ डेसिबलचा आहे, आणि त्याच्याशिवाय केबिनचा बाकीचा आवाज ए वर ६५, सी वर ८०. आता मीटर काय दाखवेल? ए वर ६५ चे ६५.४. सी वर ८० चे ८५. एका बटणावर काहीच घडलेलं नाही, दुसऱ्यावर ५ डेसिबलची वाढ! आणि आत बसलेल्या माणसाच्या कानांवर दाब आलेला असतो, छातीत हलका कंप असतो, दोन तासांनी डोकं जड होतं. माहितीपत्रकात मात्र ही गाडी शेजारच्या गाडीइतकीच शांत.

म्हणून प्रत्येक वेगाला दोन्ही आकडे घ्या आणि सी मधून ए वजा करा. चालत्या गाडीत हे अंतर वीसेक डेसिबल असणं नवलाचं नाही. दोन गाड्यांमध्ये ज्या गाडीचं अंतर ठळकपणे मोठं, ती घुमते. ए वर दोघी सारख्या असतील तर मी कमी अंतराची गाडी घेईन.

इलेक्ट्रिक गाडी यातून सुटते असं धरून चालू नका. इंजिनाचा हुंकार गेला, हे खरं. पण तो जाताना आपलं पांघरूणही घेऊन जातो. त्याखाली झाकलेला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उघडा पडतो. खडबडीत रस्त्यावर सी चा आकडा तिथेही चढतो.

लॅपटॉप आणि मापनाचा मायक्रोफोन

हा मायक्रोफोन चहूबाजूंनी सारखाच ऐकतो, आणि त्या विशिष्ट नगाची दुरुस्तीची फाईल त्याच्यासोबत मिळते. ती रूम इक्यू विझार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चढवली की एका आकड्याऐवजी आवाजाची पूर्ण पट्टी दिसते, कोणता सूर किती उंच. दोन गाड्यांच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की जे कानाला जाणवत होतं पण सांगता येत नव्हतं, ते डोळ्यांना दिसतं.

२०० ते २३० हर्ट्झच्या दरम्यान एक बारीक उंच सुळका दिसला तर तो टायरच्या पोटातल्या हवेचा. त्या गोल पोकळीत आवाज फिरत राहतो आणि फेरा पूर्ण होईल त्या सुरात घुमतो. यावर टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेले टायर मिळतात आणि त्यांनी हा सुळका उतरतो. म्हणजे हा दोष बदलता येण्यासारखा आहे, त्यासाठी गाडी नाकारायचं कारण नाही. १००० हर्ट्झच्या वर पसरलेला, वेगासोबत झपाट्याने फुगणारा उंचवटा वाऱ्याचा: आरसा, पुढच्या काचेचा खांब, दरवाजाचं रबर. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १२० ला गेलात तर वारा दहा-साडेदहा डेसिबलने चढतो, टायर त्याच्या निम्म्या-पाऊणपटच. महामार्गावर रोज धावणाऱ्याने हा उंचवटा गांभीर्याने घ्यावा, कारण तो नंतर दुरुस्त करणं कठीण.

आणि सुळका इंजिनाचा की रस्त्याचा, हे ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. वेग तोच ठेवून गिअर बदला. सुळका सरकला तर इंजिन, जागचा हलला नाही तर टायर किंवा रस्ता.

या साधनाचा तोटा म्हणजे पसारा. लॅपटॉप, तार, स्टँड, आवाजाची पातळी एकदा बांधून ठेवणं, आणि सोबत दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे पाहायचं नाही, फोन आणि मीटरकडेही नाही. विक्रेत्याने दिलेल्या वीस मिनिटांच्या फेरीत हे सगळं बसत नाही, त्यासाठी गाडी अर्धा दिवस तरी हाती हवी. आवाज कानाला किती मोठा वाटतो ते सोन (sone) या एककात सांगायची झ्विकर पद्धत आहे. तिचा आकडा कानाच्या अनुभवाशी डेसिबलपेक्षा चांगला जुळतो, पण दोन गाड्यांत निवड करायला त्यावाचून अडत नाही.

साधन कुठलंही असो

गाडीच्या आतला आवाज मोजण्यासाठी आयएसओ ५१२८ हे मानक १९८० पासून आहे. सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथून ७० सेंटीमीटर वर, आणि सीटच्या मध्यरेषेपासून २० सेंटीमीटर बाजूला, म्हणजे साधारण कानाच्या जागी माईक. काच आणि गादीपासून किमान वीतभर लांब. हा काटेकोरपणा विनाकारण नाही. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये ७० हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांना जोरात आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. माईक हातभर पुढे-मागे झाला की गाडीच बदलल्यासारखा आकडा येतो. स्पीकरमधून उलटा आवाज सोडून घुमारा मारणाऱ्या गाड्यांमध्ये तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो परिणाम डोक्याच्या जागेसाठी बेतलेला असतो. कपहोल्डरमधल्या माईकला तो पुरता कळतच नाही. मागे बसणारे असाल तर मोजणी मागच्या सीटवर करा.

रस्त्याचा पृष्ठभाग बदलला तर जो फरक पडतो तो दोन गाड्यांमधल्या फरकाहून सहज मोठा असतो. तोच तुकडा, कोरडा, वारा पडलेला असताना, दोन्ही दिशांनी, ८०, १०० आणि १२० ला. पंखा बंद. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेली. एका गाडीला १९ इंची आणि दुसरीला २१ इंची चाकं असतील तर तुम्ही गाड्यांची नाही, चाकांची तुलना करताय.

सगळ्यात कमी आकडा म्हणजे सगळ्यात चांगलं केबिन, हेही मी मानत नाही. रोल्स-रॉइसने २०१७ च्या फँटममध्ये आवाज शोषणारं १३० किलोहून जास्त साहित्य आणि ६ मिलिमीटर जाडीची दुपदरी काच घातली. पण २०२० ची घोस्ट घडवताना त्यांच्याच अभियंत्यांना पूर्ण निःशब्दता अस्वस्थ करणारी वाटली, आणि त्यांनी गाडीचे वेगवेगळे भाग एका सुरात जुळवून हलकी कुजबूज मुद्दाम शिल्लक ठेवली.

मग काय घ्यावं

एकदाच गाडी घ्यायची आहे आणि दोघींपैकी एक निवडायची आहे, अशा माणसाला मी सरासरी दाखवणारा, ए आणि सी दोन्ही असलेला क्लास २ मीटर सुचवेन. विकत न घेता दोन दिवस कुणाचा मिळाला तरी चालेल. फोनचा फरक ४ डेसिबलहून जास्त येत असेल आणि सी-ए चा घुमारा कानालाही जाणवत नसेल, तर मीटरचीही गरज नाही. याउलट मीटरवर दोघी बरोबरीत येत असतील आणि तरी एकीत बसवत नसेल, तर मायक्रोफोन आणि लॅपटॉप बाहेर काढायचा. बहुतेकदा २०० हर्ट्झच्या खाली एखादा सुळका त्या नकोशेपणाचं कारण दाखवतो.

आणि मीटर हाती असताना एक काम उरकून ठेवा. स्वतःच्या सध्याच्या गाडीत फोन आणि मीटर शेजारी शेजारी धरून तिन्ही वेगांना दोघांची सरासरी लिहून काढा. फोन किती जास्त किंवा कमी दाखवतो ते कळलं की पुढच्या प्रत्येक फेरीत, मीटर परत दिल्यानंतरही, ए चा बऱ्यापैकी खरा आकडा तुमच्या खिशात राहील. सी साठी मात्र फोनवर विसंबू नका.