बर्लिनमध्ये घर घेताना: हमरस्ता की दगडी गल्ली?

बर्लिनच्या प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागात भाड्याचे घर शोधणाऱ्यापुढे बहुधा दोन प्रकारची घरे येतात. एक डान्त्सिगर श्ट्रासेसारख्या, मधून एम१० ट्राम जाणाऱ्या हमरस्त्यावरचे, आणि दुसरे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, हेल्महोल्ट्झप्लाट्झच्या आसपासच्या एखाद्या झाडांच्या गल्लीतले. भाडे, मजला आणि हीटिंग यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि इथे केवळ वाहनांच्या आवाजापुरते लिहितो.

कुठे किती आवाज असतो ते रंगांनी दाखवणारा शहराचा ध्वनिनकाशा उघडला की निकाल लागल्यासारखाच वाटतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी असे नकाशे करावे लागतात, आणि त्यांत हमरस्ते भडक रंगाने उठून दिसतात. रस्त्यांच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलेली मर्यादा चोवीस तासांच्या भारित (संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देणाऱ्या) सरासरीत ५३ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे; हमरस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर ती पाळली जाण्याची आशाच धरू नये. गल्ली मात्र नकाशावर निर्धास्त दिसते.

अडचण अशी की हे आकडे वर्षभराची सरासरी सांगतात आणि झोप सरासरीने मोडत नाही. त्या भागातल्या पुष्कळ गल्ल्यांमध्ये अजून जुनी दगडी फरसबंदी आहे. दिवसा ती देखणी वाटते, आणि ताशी ३० किलोमीटरची मर्यादाही असते. पण खडबडीत दगडांवरून ३० च्या वेगानेही गाडी गेली तर गुळगुळीत डांबराच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलची आणि ५० च्या वेगाने सुमारे ६ डेसिबलची भर पडते, असे जर्मनीतल्या आवाजाच्या जुन्या गणननियमांतच धरलेले होते. हा आवाज टायर आणि दगड यांचा असल्यामुळे गाडी विजेवर चालणारी असली तरी फारसा दिलासा मिळत नाही.

माझ्यापुरता निर्णय याच एका गोष्टीने केला. रात्री दोनच्या सुमारास गल्ली पूर्ण शांत असते आणि मग कोपऱ्यावर एखादी टॅक्सी वळते. घरघर आधी लांबून येते, खिडकीखाली येईपर्यंत तिचा गडगडाट होतो, तावदान थरथरते, आणि टॅक्सी निघून गेल्यावरही आपण पुढच्या गाडीची वाट पाहत जागे राहतो. रात्रभरात अशा मोजक्याच गाड्या जात असल्याने सरासरीत त्यांचा मागमूसही राहत नाही. हमरस्त्यावर याउलट एकसारखा घोष असतो, आणि माझ्या अनुभवात कान त्याला थोड्याच काळात सरावतात. रात्रभर धावणाऱ्या ट्रामचेही तसेच. फक्त जिथे रूळ वळतात त्या कोपऱ्यावरचे घर टाळलेले बरे, कारण चाकांच्या किरकिरण्याची सवय कोणाला होत असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे छताच्या पंख्याचा आवाज असे अधूनमधूनचे आवाज बरेचसे झाकून टाकतो. बर्लिनच्या घरांत तो सहसा नसतो, आणि उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या दुहेरी लाकडी खिडक्या बंद असताना चांगले काम करतात, पण जुलैत त्यांचा काय उपयोग?

तरीही हमरस्त्याची शिफारस मी एका अटीवरच करीन: झोपायची खोली इमारतीच्या आतल्या चौकाकडे, म्हणजे अंगणाकडे, उघडणारी हवी. पाच मजली जुन्या इमारतीचे धूड रस्त्याचा आवाज पुष्कळच अडवते. सर्वांत गोंगाटाच्या बाजूपेक्षा २० डेसिबलहून अधिक शांत असलेल्या बाजूला त्याच युरोपीय निर्देशात ‘शांत दर्शनी बाजू’ अशी वेगळी संज्ञाच आहे, आणि बंदिस्त चौकाकडची भिंत त्या व्याख्येच्या बरीच जवळ जात असावी, असा माझा कानांवरून बांधलेला अंदाज आहे. चौकाचे दोष सांगायलाच हवेत. १८५३ च्या बांधकाम नियमांनी अग्निशमन बंब वळवता यावा एवढीच, म्हणजे ५.३४ मीटर लांबीरुंदीची, किमान जागा ठरवली होती. त्यामुळे खालच्या मजल्यांवर उजेड बेताचाच असतो, शेजाऱ्यांच्या गप्पा घुमतात आणि सकाळी कचऱ्याचे डबे ओढण्याचा खडखडाट होतो. पण तो ठरलेल्या दिवशी, उजाडल्यावर होतो, आणि मला तेवढे चालते.

घर पाहायला शक्यतो रात्री अकरानंतर त्या रस्त्यावरून एकदा चक्कर मारावी आणि नकाशातल्या रंगाइतकेच पायाखालच्या रस्त्याकडेही पाहावे. एकच खोली असेल आणि तीही हमरस्त्याकडेच उघडत असेल, तर माझे वरचे सारे म्हणणे बाजूला ठेवून डांबर घातलेल्या गल्लीतले घर घ्यावे. तशा गल्ल्याही थोड्या शोधाने सापडतात.