मिरजेहून सवाईला: एक शनिवार, एक मुक्काम

डिसेंबरात पुण्याला सहकुटुंब एक रात्र काढायची असेल, तर सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचा शनिवार गाठा, असं मी आता छातीठोकपणे सांगते. पाचही दिवसांचं तिकीट काढण्याच्या मोहात घरात म्हातारं माणूस आणि शाळकरी मूल असेल तर पडू नका. एका दिवसाचं तिकीट घ्या आणि तो दिवस पूर्ण ऐका. एरवी रात्री दहाला माइक बंद होतो. शनिवारी बारापर्यंत परवानगी असते, म्हणजे त्याच पैशात दोन तास जास्त. यंदाच्या वेळा मात्र पत्रिकेत बघून घ्या.

मिरजेहून जाणाऱ्यांनी एसटीने थेट स्वारगेटला उतरावं. मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान तिथून रिक्षाने अगदी जवळ. २०१८ पासून महोत्सव तिथे भरतो, त्याआधी रमणबागेत असायचा. सासूबाईंच्या मनात अजून रमणबागच आहे. रात्रभर गाणं, अंगावर घोंगडी, पहाटे भैरव नाहीतर तोडी ऐकून तसंच पहिल्या एसटीने घरी, हे त्यांचं सवाई. ध्वनिवर्धकाचे नियम आले आणि पहाटेचे राग मांडवातून गेले. आईंची ही तक्रार मला शंभर टक्के पटते, पण आठवीतल्या मुलीला घेऊन रात्रभर बसायची माझी तयारी नाही, हेही खरं.

आम्ही भारतीय बैठकीचं तिकीट काढलं. हे सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. खुर्चीवर बसलं की माणूस प्रेक्षक होतो. सतरंजीवर शेजारचे आजोबा मांडीवर ताल देत असतात, मागच्या काकू ‘अहाहा’ म्हणता म्हणता आपल्या पाठीला टेकतात, कुणीतरी अनोळखी माणूस तिळाची वडी पुढे करतो. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र सरळ खुर्चीचे पैसे मोजावेत. आई बसल्या खाली, पण उठवायला दोघं लागायचे. पायाखालची माती संध्याकाळनंतर गार पडते, तेव्हा शालीबरोबर एक जाड चादर खाली घालायला न्याच. कानटोपी हवीच.

गायन-वादनाबद्दल मी काय लिहिणार, मी कानसेन. पण दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत चहाला पळू नका, एवढं सांगते. पडदा सरकला की तानपुरे लावणं सुरू होतं. साथीची मुलगी मान खाली घालून तारेवरचा मणी केसभर खाली सरकवते, पुन्हा छेडते, पुन्हा सरकवते. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली असलेला जवारीचा दोरा बोटाच्या टोकाने हलवते आणि एकदम तार बोलायला लागते. आमच्या सतारमेकर गल्लीत हे रोज चालतं, २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी लेकीने ते पहिल्यांदा नीट बघितलं ते पुण्यात, मोठ्या पडद्यावर! आईंनी लगेच तिला हिशेब समजावला: सवाई गंधर्व हे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, खाँसाहेब आपल्या मिरजेच्या दर्ग्यात विसावलेले, भीमसेनांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, ‘म्हणजे हे सगळं आपल्याकडूनच आलंय बघ.’ मिरजकर कुठेही गेला तरी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

खाण्याचं म्हणाल तर मैदानावर स्टॉल असतात. आम्ही भडंगाचा डबा नेला होता. कुरकुर आवाज होतो म्हणून विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असताना आईंनी तो कुणाला उघडू दिला नाही. बाहेर वडा आणि कॉफी घ्या आणि शेवटचं जलद लयीतलं द्रुत संपताना जा, कारण टाळ्या थांबल्या की रांग लागते.

मुक्कामाचं ठिकाण निवडताना गरम पाण्याची वेळ विचारा. आमच्या लॉजवर पाणी सहा ते आठच. रात्री एकला झोपलेली माणसं सहाला कशी उठणार? खोलीभाडं घेताना हे कुणी बोललं नाही. नाव लिहीत नाही, पुण्यात अशी पुष्कळ असावीत.

रविवारी सकाळी नारायण पेठेत, मुंजाबाच्या बोळाजवळ, बेडेकरांची मिसळ. पोहे, शेव, गोडसर रस्सा आणि सोबत स्लाइस ब्रेड. लेकीने दोनदा रस्सा मागितला. ह्यांनी पहिला घास घेतला आणि ‘यात गूळ कुणी टाकला’ म्हणून माझ्याकडे बघितलं. सांगली-कोल्हापूरच्या कटाची सवय असलेल्याने तिथे तिखटाच्या अपेक्षेने जाऊ नये. हलकी, वेगळी मिसळ म्हणून खावी. मला आवडली. दुपारी उशिरा गेलात तर मिळणार नाही, सकाळीच जा. परतताना चितळ्यांची बाकरवडी, हे वेगळं सांगायला नको.

आईंना आता पुढच्या वेळी शनिवार नको, रविवार हवाय. त्या दिवशी दुपारीच सुरू होतं, म्हणजे सारंगासारखा एखादा दुपारचा राग कानावर पडायची शक्यता, आणि शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावून सांगता करायची प्रथा आहे. ती मांडवात बसून ऐकायची त्यांची इच्छा. पण मग सोमवारी लेकीच्या शाळेला दांडी. माझ्या हिशेबात ते बसतं, ह्यांच्या नाही. वाटाघाटी चालू आहेत.