'प्रकाशदर्शन' वीकेंड शिबिर, विजय नगर, इंदूर: जेवण झकास, गॅरंटी जरा जपून

५ पैकी ३ स्टार, त्यातले दोन नुसते जेवणाचे. संस्थेचं नाव लिहीत नाही, पोस्टरवर 'अनुभवाला पुरावा लागत नाही' असं मोठ्ठं छापलंय तेच ते. वहिनींना जायचंच होतं, सोबत म्हणून मी गेले.

हॉल स्वच्छ, एसी चालू, बाथरूम पण नीट. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फक्त लिंबूपाणी आणि फळं, मग रात्री आमटी-भात आणि श्रीखंड, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे वर शेव-जीरावन सगळं, त्यात काही बोलायचं कामच नाही.

आता मुख्य माल. सकाळी आधी गुरुजी पीपीटी दाखवतात, भुवयांच्या मध्ये निळा बिंदू दिसेल, मग त्याला सोनेरी कडा येईल, मग आपापल्या इष्टदेवतेचं रूप. हे सगळं डोक्यात भरल्यावर उपाशीपोटी डोळ्यावर काळी पट्टी गच्च बांधून बराच वेळ जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, मागे तंबोरा, आणि मग विचारतात काय दिसलं? अहो निळंच दिसणार ना! जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. आणि डोळ्यावर दाब पडला की उजेडाची वर्तुळं दिसतातच, घरी पापणीच्या कोपऱ्यावर बोटाने हलकंच दाबून बघा, फुकटात.

मलाही निळसर काहीतरी दिसलं बरं का, आणि हॉलमध्ये कुणी खोटं बोलत होतं असं मी म्हणत नाहीये. दिसलं हे खरंच, पण जे दिसलं ते बाहेर कुठे होतं का हा प्रश्न वेगळा. हॉब्ज नावाच्या इंग्रज विचारवंताने १६५१ मध्येच लिहून ठेवलंय, देव माझ्याशी स्वप्नात बोलला म्हणजे काय, तर देव बोलतोय असं स्वप्न पडलं, बस्स.

मी विचारलं, सर, आधी काहीच न सांगता कुणाला बसवलंय का कधी? तर म्हणे, "ताई, बुद्धी बाजूला ठेवा, आंब्याची गोडी खाल्ल्याशिवाय कळते का?" अहो पण आंबा ताटात असतो, शेजारची बाईही उचलून खाते, आंबट निघाला तर तीही सांगते. इथे वहिनींना दत्तगुरू दिसले, आमच्या ओळीतल्या ख्रिश्चन टीचरना मेरीमाता, आणि एका जैन काकांना नुसता उजेड. गुरुजी म्हणाले सगळं एकच. एकच असेल तर मग उरतो तो नुसता उजेड, बाकी तपशील ज्याने त्याने घरून आणलेला.

आणि बुद्धी बाजूला ठेवणं ही म्हणे आपली परंपरा! कुमारिल भट्ट हा वेद मानणारा मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला जुना पंडित, त्याने योग्यांना इंद्रियांपलीकडचंही थेट दिसतं हे साफ नाकारलं, म्हणाला प्रत्यक्ष म्हणजे समोर असलेल्या वस्तूशी इंद्रियांचा संबंध. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती योग्यांचं तसं दिसणं मानणारा, पण त्यानेही बजावलंय की काम, शोक, भय, उन्मादाने झपाटलेल्यांना नसलेल्या गोष्टीही समोर असल्यासारख्या दिसतात, म्हणजे दिसणं कितीही स्पष्ट असो, तेवढ्यावर काम भागत नाही.

पीपीटीत कॅनडाच्या पर्सिंगर नावाच्या मेंदू-संशोधकाचं हेल्मेट पण होतं, डोक्याला हलकं चुंबकीय क्षेत्र दिलं की लोकांना कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं, 'सायन्सने सिद्ध'. पुढची स्लाइड मात्र नव्हती. २००५ मध्ये स्वीडनच्या टीमने तोच प्रयोग कुणाला चुंबक चालू आहे की बंद हे कळू न देता केला, तर चुंबकाने काही फरकच पडेना, अनुभव आले ते सूचनेला पटकन भुलणाऱ्यांना. पर्सिंगरना ते पटलं नाही, ते म्हणाले प्रयोग नीट केला नाही. तरी या शिबिराचा नेमका वीक पॉइंट तोच, काय दिसेल ते आधीच सुचवून ठेवणं.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगते, मेंदूत काहीतरी झालं म्हणून अनुभव खोटा असं होत नाही, पोहे दिसतात तेव्हाही मेंदूत काहीतरी होतंच. स्विनबर्न नावाचे तत्त्वज्ञ म्हणतात की जे जसं दिसतं ते तसं माना, शंकेला खास कारण नसेल तर. मला पटतं हे. पण इथे शंकेची कारणं ते स्वतःच प्रोजेक्टरवर दाखवतात ना.

शेवटी फीडबॅक फॉर्म. 'प्रकाशाचा रंग: निळा / सोनेरी / पांढरा', खाली सही. 'काहीच नाही' असा चौकोनच नाही! मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलाला काही दिसलं नाही तर त्याला सांगितलं ब्लॉकेज आहे, लेव्हल टू करा, फी वेगळी. म्हणजे दिसलं तर पद्धत खरी, नाही दिसलं तर तुमचा दोष. एक स्टार इथे कापला.

पार्किंग फार नाही, टू-व्हीलरने जा. शांत बसायला मिळतं, फोन काढून घेतात, त्यासाठी गेलात तर पैसे वसूल. वहिनी लेव्हल टूला चालल्यात, मी अडवलं नाही, एवढंच म्हटलं की वहिनी, पीपीटीच्या वेळेस बाहेर चहा घ्या, ती संपली की मग आत जाऊन बसा आणि काय दिसतं ते सांगा.