जुना तेलुगू की जुना तमिळ सिनेमा : आधी काय बघावं?

कृष्णधवल छायाचित्रणाची ओढ असेल तर तेलुगूपासून सुरुवात करा, नृत्याची असेल तर तमिळपासून. सीमारेषा मात्र पुसटच आहे. १९५०च्या दशकात दोन्ही भाषांचे बहुतेक चित्रपट मद्रासच्याच स्टुडिओंत व्हायचे, आणि सावित्री, भानुमती, अंजली देवी दोन्हीकडे नायिका.

'मायाबझार' (१९५७) दोन्ही भाषांत निघाला. गोष्ट आपल्या ओळखीच्या वत्सलाहरणाची. तमिळमध्ये नायिका वत्सलाच, तेलुगूत शशिरेखा. दोन्हीकडे सावित्री. अभिमन्यू मात्र तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव, तमिळमध्ये जेमिनी गणेशन. 'लाहिरी लाहिरी' या गाण्यात नावेवर पसरलेलं चांदणं ही कॅमेरामन मार्कस बार्टलेची करामत. पण सावित्रीसाठी 'अहा ना पेळ्ळंट' हे गाणं बघा. शशिरेखेच्या रूपात घटोत्कच लपलाय, म्हणून नाजूक लाजणं मधेच मोडतं, खांदे रुंदावतात, आणि गायिका सुशीलाच्या आवाजात गायक घंटसालांचा पुरुषी आवाज घुसतो. तेलुगू प्रतच घ्या, तीही कृष्णधवल. २०१०ची रंगीत आवृत्ती रुंद पडद्यासाठी केलेली आहे. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी असल्यामुळे रुंद करताना वरून-खालून चित्र जातं. शिवाय प्रकाश-सावलीचा खेळ रंगांखाली दबतो.

भानुमतीसाठी विजयनगरच्या काळातली 'मल्लीश्वरी' (१९५१). गाणी तिनं स्वतः गायली आहेत, त्यामुळे ओठ आणि आवाज यांत फट नाही.

तमिळमध्ये नृत्यनिपुण नायिका पद्मिनी. 'तिल्लाना मोहनाम्बाळ' (१९६८) रंगीत आहे, आणि रंगीत जुन्या प्रतीत निळसर छटा आधी उडून सगळं गुलाबी दिसतं. तशी प्रत लागली तर दुसरी शोधा, दागिने-साड्यांच्या रंगांशिवाय हा चित्रपट अर्धा. 'वंजिकोट्टै वालिबन' (१९५८) मधली पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांची नृत्यस्पर्धा एकटी काढून बघितली तरी चालते.

तमिळ म्हणजे नुसता थाटमाट, असं वाटत असेल तर दिग्दर्शक श्रीधरांचा 'नेंजिल ओर आलयम' (१९६२) लावा : जवळपास सगळा एका रुग्णालयात, व्हिन्सेंटचा कॅमेरा, नायिका देविका.

टीव्हीवर चित्र ताणून भरण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर चेहरे चपटे होतात. उपशीर्षकं गाण्यांनाही आहेत का, हे आधी तपासा. 'तिल्लाना'त नायिका भर सभेत नाचताना, गाण्याच्या शब्दांतूनच, समोर नादस्वरम (सनईसारखं वाद्य) वाजवणाऱ्या नायकाची ख्यालीखुशाली विचारते. अर्थ कळला नाही तर तिथे नुसता नाच उरतो.