शाळेचं पाणी: आरओ मशीन की टीसीएलची टाकी?

आमच्याकडे हा प्रश्न आला की मी आधी विचारतो, गाव खारपाणपट्ट्यात आहे का? अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातलं हापशीचं पाणी तोंडात घेतलं की कळतं. तिथे टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकून जंतू मरतील, खारेपणा तसाच राहील. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतलं फ्लोराईड त्याहून लबाड. चवीला लागतच नाही. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडले की मग धावाधाव. फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराईड तेवढंच उरतं. अशा ठिकाणी आरओ (पाण्यात विरघळलेले क्षारही गाळणारं मशीन) लावा, नाहीतर दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा.

पण आरओला वीज लागते, मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) बदलावा लागतो, आणि बरंच पाणी वाया जातं (ते निदान संडासाला तरी वापरा). देणगीतलं एक मशीन मी पाहिलंय: वर खडूचे डबे, खाली कोळ्याचं जाळं, आणि पोरं शेजारच्या नळाला ओंजळ लावून उभी.

पाणी गोडं असेल आणि फ्लोराईड जास्त नसेल, तर मी टीसीएलची टाकीच निवडेन. स्वस्त पडते, लाईट गेली तरी अडत नाही. फक्त रोज नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायची: नळाच्या थोड्या पाण्यात ओटी द्रावणाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे, क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. सातवीची पोरगी हे आरामात करते.