फुलांच्या चहाचा मिल्कशेक: दुधात मुरवायचा की पाण्यात उकळायचा, आणि फूल कोणतं?

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. हाताशी एक रात्र असेल तर जास्मिन ग्रीन टी थंड दुधात घालून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, शेक करा, बास. आजच हवा असेल तर काळा चहा आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्या गरम दुधात मुरवा. लॅव्हेंडर दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा, गोकर्णाची निळी फुलं फोटोसाठी, आणि हिबिस्कस (म्हणजे लाल अंबाडीची सुकवलेली आंबट बोंडं) पहिल्यांदाच करणाऱ्याने घेऊच नये, का ते खाली येतंच आहे.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर. बहुतेक जण सुरुवात फुलापासून करतात, म्हणजे कोणता रंग छान दिसेल, कोणतं पाकीट सुंदर आहे वगैरे, मीही तेच केलं होतं. पण शेक जमतो की फसतो ते आधी ठरतं चहा कशात उतरवला यावरून. फूल नंतर.

तर रस्ते तीन. पाण्यात कडक अर्क काढायचा आणि तो दुधात मिसळायचा, किंवा गरम दुधात चहा मुरवायचा, किंवा थंड दुधात रात्रभर ठेवायचा.

पाण्याचा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो कारण चहा आपण तसाच करतो ना, पण मिल्कशेकमध्ये पाणी हा शत्रू आहे. 100 मिली अर्क घातला की शेक तेवढा पातळ झाला, मग तो घट्ट करायला जास्त आइस्क्रीम, आणि आइस्क्रीम वाढलं की चहाचा वास गेला, म्हणजे फिरून तिथेच. शिवाय फुलांचा वास ज्यात असतो ती द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्धांशात जास्त छान विरघळतात, त्यामुळे दुधातली साय हा वास धरून ठेवते जे पाण्याला तितकं जमत नाही. पाण्याचा रस्ता मी फक्त दोनच ठिकाणी वापरते, गोकर्णाला, कारण त्याचा निळा रंग पाण्यात मिनिटांत उतरतो आणि वास तसाही नसतोच, आणि हिबिस्कसला, कारण त्याला पर्याय नाही.

गरम दूध म्हणजे उकळतं दूध नव्हे हं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले, वाफ दिसली की गॅस बंद, मग चहा घालायचा आणि झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका, स्वयंपाकघरभर जो मस्त वास पसरतो ना तो शेकमधून पळालेला वास असतो. काळा चहा असेल तर 5-6 मिनिटं, नुसती कॅमोमाइलची फुलं असतील तर 10 मिनिटं, लॅव्हेंडरला 5 खूप झाली. मग गाळा आणि खरी परीक्षा इथे सुरू होते, ती म्हणजे थांबणं. कोमट दूध आइस्क्रीमवर ओतलं की शेक नाही, गोड दूध मिळतं. बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून हलवत राहिलं तर अर्ध्या तासात बरंच गार होतं, नाहीतर फ्रीजमध्ये तीनेक तास धरून चाला.

थंड दुधाच्या पद्धतीत काहीच करायचं नसतं म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. बरणीत दूध, त्यात चहा, झाकण, फ्रीजमध्ये 10 ते 12 तास. ग्रीन टीमधली कडवट-तुरट द्रव्यं गरम पाण्यात किंवा दुधात भराभर उतरतात आणि थंडात सावकाश व कमी, वास मात्र हळूहळू का होईना उतरतो, त्यामुळे इथे तुम्हाला सुगंध मिळतो आणि कडवटपणा मागे राहतो. दुधाचीही यात मदत असते, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला, म्हणजे त्या तुरट द्रव्यांना, धरून बसतं, त्यामुळे जिभेला ती कोरडी तुरट जाणीव कमी होते. आणि सकाळी दूध आधीच गार! एक मात्र, बरणी ओट्यावर ठेवून झोपू नका, फ्रीजमध्येच ठेवायची, आणि गाळलेलं दूध दोन दिवसांत संपवायचं.

कॉफीसारखा उग्र चहा आवडणाऱ्यांना थंड पद्धत फिकी वाटू शकते, माझ्या घरी एक जण आहे ज्याला ती "वास घेऊन गेलेलं दूध" वाटते. अशा माणसाला गरम दूध आणि काळा चहाच द्या, वाद घालू नका.

प्रमाण. दोन मध्यम ग्लाससाठी 250 मिली फुल क्रीम दूध, त्यात 8 ते 10 ग्रॅम जास्मिन टी, वजनकाटा नसेल तर सुट्या पत्तीचे साधारण 4 चमचे. हे पिण्याच्या चहाच्या दुप्पटीच्या आसपास जातं आणि तसंच हवं, कारण थंड पदार्थात वास आणि गोडी दोन्ही कमी जाणवतात, वर आइस्क्रीम त्याला अजून दाबतं. गाळलेलं दूध चमच्याने चाखलं तर ते जरा जास्तच कडक लागलं पाहिजे, तिथेच ते छान लागलं तर शेकमध्ये काहीच लागणार नाही. चोथा दूध पिऊन बसतो, म्हणून 250 घातलं तरी हातात 200-210 येतं, आणि तो चोथा दाबून पिळायचा मोह आवरा, कडवटपणा तिथेच दडलेला असतो. त्या 200 मिलीला आइस्क्रीमचे 4 मोठे स्कूप.

आता फुलं. जास्मिन टीमधलं जास्मिन म्हणजे सहसा मोगराच, शास्त्रीय नाव जस्मिनम सॅम्बॅक. दिवसा कळ्या खुडतात, रात्री त्या उमलतात तेव्हा चहाच्या पत्तीबरोबर एकत्र ठेवतात, पत्ती वास ओढून घेते, मग फुलं चाळून काढतात आणि चांगल्या चहासाठी हे परत परत करतात. म्हणून पाकिटात फुलं कमी दिसली तर फसवलं असं समजू नका, वास पत्तीत असतो, आणि उलट नुसत्या भरपूर पाकळ्या टाकलेला पण वर एसेन्स मारलेला चहा दुधात गेला की सरळ अत्तरासारखा लागतो. पाकीट उघडल्यावर वास नाकात घुसत असेल तर तो एसेन्सच असावा असा माझा अंदाज असतो. या चहाला मध घालू नका, मधाला स्वतःचा फुलांचा वास असतो आणि दोघे भांडतात, साधी साखर बरी.

गुलाब आणि काळा चहा ही जोडी सगळ्यात कमी चुकते. काळ्या चहाला अंग असतं, आइस्क्रीम त्याला गिळू शकत नाही, आणि गुलाबाचा वास इतका ओळखीचा आहे की पिणारा गोंधळत नाही. 250 मिली दुधाला 2 चमचे काळा चहा आणि मूठभर सुकलेल्या पाकळ्या. पाकळ्या कमी पडल्या असं वाटलं तर शेवटी अर्धा चमचा खाण्याचं गुलाबपाणी घालता येतं, पण अर्धाच. गुलाब सिरप घातलं तर तो गुलाबाचा मिल्कशेक झाला, चहा त्यात उरत नाही, मग एवढा खटाटोप कशाला केला.

कॅमोमाइल मला सुरुवातीला आवडलं नव्हतं, गवतासारखं लागलं होतं, पण चूक माझी होती, मी पाण्यात केलं होतं. गरम दुधात 10 मिनिटं मुरलं की त्यातला सफरचंदासारखा वास वर येतो, नाव सुद्धा ग्रीक भाषेतल्या जमिनीवरचं सफरचंद अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. इथे मध चालतो, उलट हवाच. कॅफिन नाही त्यामुळे रात्री प्यायचा शेक हवा असेल तर माझं मत यालाच. फक्त ज्यांना शेवंती, डेझी या कुळातल्या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी जपून, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लॅव्हेंडरबद्दल लोक दोन टोकांना असतात. मला विचाराल तर अर्ध्या चमच्यात ते सुंदर असतं आणि दीड चमच्यात साबण. गंमत म्हणजे ज्या बर्गमॉट फळाच्या सालीचं तेल अर्ल ग्रे या सुगंधी काळ्या चहात असतं त्यात आणि लॅव्हेंडरमध्ये वासाची दोन मुख्य द्रव्यं सारखीच आहेत, लिनलूल आणि लिनलिल ॲसिटेट, म्हणूनच अर्ल ग्रे बरोबर ते इतकं जमून जातं. तर नुसतं लॅव्हेंडर घेण्यापेक्षा 3 चमचे अर्ल ग्रे आणि अर्धा चमचा लॅव्हेंडर असं गरम दुधात करा, आणि लॅव्हेंडर खाण्यायोग्य म्हणून विकलेलंच घ्या, काही जातींमध्ये कापराचा उग्रपणा असतो. अरोमा ऑइलची बाटली शेकमध्ये थेंबभरसुद्धा ओतू नका, ते खाण्यासाठी बनवलेलं नसतं. तसंच फुलवाल्याकडची ताजी फुलंही नकोत, त्यांच्यावर काय फवारलंय देव जाणे.

गोकर्ण. दिसायला याच्यासमोर कुणी उभं राहत नाही, चवीला मात्र जवळजवळ काहीच नाही, थोडी पालेभाजी उकळल्यासारखी झाक. म्हणून एकट्याने घेऊ नका. जास्मिनचं थंड दूध करा आणि 10-12 सुकलेली गोकर्णाची फुलं दोन-तीन चमचे गरम पाण्यात भिजवून तो गडद निळा अर्क त्यात ओता, पाणी इतकं कमी की शेकला फरक पडत नाही. आइस्क्रीम पांढरंशुभ्र हवं, पिवळसर व्हॅनिला घेतलंत तर निळं अधिक पिवळं म्हणजे काय ते शाळेच्या रंगपेटीने शिकवलेलंच आहे, हिरवट मळकट शेक तयार. स्ट्रॉबेरी किंवा लिंबू गेलं की रंग जांभळ्याकडे वळतो, आम्लामुळे. लहान मुलांसमोर ही जादू करायला मजा येते, पण लिंबू चार थेंबच, जास्त झालं तर पुढच्या परिच्छेदात जे होणार आहे ते तिथेही होईल.

हिबिस्कस. पहिल्यांदा मी छान लालभडक कडक काढा केला, कोमट असतानाच दुधात ओतला, आणि दोन सेकंदात पातेल्यात गुलाबी पाणी आणि गुलाबी पनीर. ते तसंच मिक्सरमध्ये फिरवून प्यायचा प्रयत्नही केला, नका करू. कारण साधं आहे, या चहाची आंबटी लिंबाच्या जवळ जाणारी, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 3 च्या आसपास असतो, आणि दुधाचा पीएच 4.6 पर्यंत खाली आला की केसीन एकत्र येऊन दूध फाटतं. आता यातून सुटका आहे थोडी. अगदी थंड असताना केसीन लगेच गोळे धरत नाही, म्हणून काढा साखर घालून आटवून सिरप करा, ते फ्रीजमध्ये बर्फगार करा, आणि शेक ग्लासात ओतल्यावर वरून धार सोडा, मिसळू नका आणि लगेच प्या. ठेवलात तर घट्ट-पातळ वेगळं व्हायला लागतंच. ओट मिल्क किंवा नारळाचं दूध वापरलं तर केसीनचा प्रश्नच नाही, थोडं वेगळं झालं तरी ढवळून एक होतं. पण मग तो मिल्कशेक का सरबत असा प्रश्न मला पडतो, ज्यांना आंबट आवडतं त्यांनी खुशाल करावा.

आइस्क्रीमबद्दल एक भांडण बाकी आहे. सगळ्या रेसिपी व्हॅनिला सांगतात आणि व्हॅनिला हाच या शेकचा खरा मारेकरी आहे, निदान जास्मिन आणि कॅमोमाइलच्या बाबतीत, कारण पिताना आधी व्हॅनिला येतो आणि नंतरही व्हॅनिलाच. गुलाब-काळा चहा त्याला टक्कर देतो, अर्ल ग्रेशी तर त्याची मैत्रीच आहे. बाकीच्यांसाठी साधं दुधाचं किंवा क्रीमचं, काही फ्लेवर नसलेलं आइस्क्रीम शोधा. नाही मिळालं तर आइस्क्रीमशिवायही होतं: चहा मुरवलेलं दूध दुप्पट करा, त्यातलं निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग त्या क्यूब, उरलेलं दूध, 4 चमचे फ्रेश क्रीम, 2-3 चमचे साखर आणि मिठाचे चार कण असं फिरवा. हा आइस्क्रीमवाल्यापेक्षा पातळ आणि थोडा बर्फाळ होतो पण चहा सगळ्यात जास्त यातच लागतो, आणि खरं सांगायचं तर आता मी हाच जास्त वेळा करते. साधा बर्फ मात्र घालू नका, पाण्याचं रडगाणं वर गाऊन झालंय.

मिक्सर 20-25 सेकंद, थांबून थांबून. जास्त फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने आणि हवेने आइस्क्रीम वितळतं आणि फेसच फेस. ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवला असेल तर उत्तम.

कॅफिनचं एवढं लक्षात ठेवा की जास्मिन टी, काळा चहा, अर्ल ग्रे यांत ते असतं, शेक गोड आहे म्हणून ते जात नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे आपण पत्ती दुप्पट घातलेली असते. रात्री नऊला मुलांसाठी करत असाल तर गुलाबाच्या नुसत्या पाकळ्या किंवा कॅमोमाइल. नुसत्या पाकळ्यांचा शेक जरा पोकळ लागतो, तेव्हा त्यात पाकळ्या दुप्पट घाला आणि 15 मिनिटं मुरू द्या.