सहा चाकांचं कॅबिंग मशीन, आठ महिने. आणि तो पंप

दगड घासून चकचकीत करायचं हे मशीन; त्याच्या चाकांवर पाणी सोडणारा पंप मेला. फोन केला तर उत्तर आलं, "पाण्यामुळे खराब झालाय, वॉरंटीत बसत नाही." पाण्याचा पंप, पाण्यामुळे! चार फोन आणि दोन व्हिडिओ पाठवल्यावर नव्या पंपाचा भाव कळवला: १,८५० रुपये, कुरिअर वेगळं. माशांच्या टाकीचा अगदी तसाच पंप आमच्या कोपऱ्यावर ३५० ला मिळतो. मी तोही घेतला नाही.

बाकी मशीनला नावं ठेवायला जागा नाही. आवाज मिक्सरपेक्षा कमी, ८० आणि २२० ची चाकं (आकडा जेवढा मोठा, तेवढं चाक बारीक) अजून बोचरी. गॅलरीत बसतं. घरात त्याला 'गिरणी' म्हणतात.

माझं दुखणं १२०० चं चाक. नेवाशाला प्रवरेच्या पात्रातून आणलेला मधाच्या रंगाचा, पट्टेवाला अकीक होता. (अश्मयुगातल्या माणसाने तिथल्या असल्याच गारगोट्यांची हत्यारं केली. त्याला सर्व्हिस सेंटर नव्हतं.) लाखेने काडीला चिकटवला, ६०० पर्यंत निर्मळ आला. १२०० वर ओला असताना काचच. फडक्याने पुसून दिव्याखाली तिरपा धरला, तर मधोमध सुईने ओढल्यासारखा एक ओरखडा. ओल्या दगडावर ओरखडे दिसतच नाहीत, पाणी त्यांत भरून बसतं. प्रत्येक चाकानंतर कोरडा करून बघा. परत २८० वर गेलो. परत तेच. पाच महिने त्या चाकाला शिव्या घातल्या, ३,२०० मोजून दुसरं आणलं. त्यानेही ओरखडा काढला, तेव्हा आपलाच हात वाईट म्हणून गप्प बसलो.

पंप गेल्यावर वाटलं, चार मिनिटं कोरडंच घासावं. नाही घासलं. अकीक म्हणजे सिलिका, आणि हीच धूळ फुप्फुसात जाऊन खंबातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस होतो. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला, ३० रुपये. पाच लिटरचा कॅन खिळ्याला टांगला, नळी चाकावर सोडली, रोलर पूर्ण उघडला. बारीक धार पडते, तेवढी पुरते. खाली बादली. गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, आमचा तुंबला.

पहिलाच दगड १२०० वरून उतरवला, पुसला, दिव्याखाली धरला. ओरखडा नाही. दुसरा, तिसरा, तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला: पंप खालच्या ट्रेमधलं तेच ते पाणी सगळ्या चाकांवर फिरवत होता. ८० च्या चाकाने काढलेली भरड सरळ १२०० वर. अकिकाचा चुरा अकिकाइतकाच कठीण, ओरखडा काढणारच. एकाच पाण्यात आधी चिखलाचे बूट धुवायचे आणि मग तांदूळ, अशी ती रचना.

म्हणून १२०० च्या चाकाबद्दल जे जे बोललो ते मागे घेतो. जुनंच चाक परत लावलंय. नंतर ३०००, मग चामड्यावर सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पूड; परवा त्या मधाळ अकिकात गॅलरीची जाळी स्पष्ट दिसली. पंपाचं भांडण मात्र चालूच आहे. तो मेला हे बरंच झालं, पण वॉरंटी म्हणजे वॉरंटी.

नवं १२०० चं चाक खोक्यात पडून आहे. चारच दगड घासलेत. कुणाला हवं असल्यास २,८०० ला देईन, घासाघीस नको.